घड्याळ, झटापट आणि रिसीव्हरची पारख

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि तिच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये क्लब कॉलेजातले खेळाडू क्रमाक्रमाने निवडतात. एप्रिल २०२०मध्ये झालेल्या ड्राफ्टमध्ये एकविसाव्या क्रमांकाची निवड फिलाडेल्फिया ईगल्सच्या हाती होती आणि त्यांना रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, हवा होता. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा जस्टिन जेफरसन तोपर्यंत कोणी घेतलेला नव्हता. ईगल्सनी टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या जेलेन रेगरला घेतले आणि लगेच पुढच्या क्रमांकावर मिनेसोटा वायकिंग्जनी जेफरसनला घेतले. जेफरसनने पहिल्याच हंगामात झेल घेऊन १,४०० यार्ड अंतर मिळवले. २०२२मध्ये १२८ झेल आणि १,८०९ यार्ड अशी कामगिरी करून तो लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. रेगरला मात्र दोनच हंगामांनंतर ईगल्सनी दुसऱ्या क्लबकडे सोपवले, आणि तो क्लबही वायकिंग्जच होता.

अशा घटनांकडे नशिबाचा खेळ म्हणून पाहण्याची रीत आहे. विशीतल्या मुलाचे भवितव्य कोणाला सांगता येते, असे म्हणून निवड करणारे मोकळे होतात. मला हे मान्य नाही. कॉलेजातला रिसीव्हर व्यावसायिक मैदानावर टिकेल की नाही याचा अंदाज पूर्ण खात्रीने बांधता येत नाही हे खरेच आहे. पण बऱ्याच चुका या अनिश्चिततेतून होत नाहीत. जे सहज मोजता येते त्यालाच क्लब वजन देतात, आणि रिसीव्हरच्या कामाचा जो गाभा आहे, म्हणजे समोर अडवायला उभ्या असलेल्या माणसापासून स्वतःची सुटका करून घेणे, त्याची चौकशी नंतर करतात. माझा आक्षेप या क्रमाला आहे.

जेफरसनच्याच बाबतीत पुरावा कमी नव्हता. २०१९च्या हंगामात त्याने १११ झेल, १,५४० यार्ड आणि १८ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) नोंदवले होते आणि त्याचा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला होता. आक्षेप असा घेतला जात होता की त्या वर्षी तो बहुतांश वेळा स्लॉटमध्ये, म्हणजे रांगेच्या आतल्या बाजूला उभा राहत असे, तिथे बचावपटू अंगावर येऊन उभा राहत नाही, आणि शिवाय चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, होता ज्यो बरोसारखा. आक्षेप गैर नव्हता. पण त्याचे उत्तर एक वर्ष मागे जाऊन पाहिले तर मिळत होते. २०१८मध्ये जेफरसन मुख्यतः बाहेरच्या बाजूला खेळला होता, आणि तेव्हाही ५४ झेल व ८७५ यार्ड घेऊन संघात पहिला होता. उलट रेगरचे आकडे २०१८मधल्या ७२ झेल आणि १,०६१ यार्डांवरून २०१९मध्ये ४३ झेल आणि ६११ यार्डांवर घसरले होते. त्या घसरणीचा सगळा दोष क्वार्टरबॅकला देऊन रेगरची स्फोटक चपळाई तेवढी हिशेबात धरली गेली. एकाच्या यशाचे श्रेय क्वार्टरबॅकला आणि दुसऱ्याच्या अपयशाचा दोषही क्वार्टरबॅकलाच, अशी ही दुटप्पी मोजपट्टी होती.

आता घड्याळाकडे येऊ. दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, १९८७पासून इंडियानापोलिस शहरात, ड्राफ्टमध्ये उतरणाऱ्या निवडक खेळाडूंची शारीरिक चाचणी होते. तिला कंबाइन म्हणतात. तिथे उंची, वजन, तळहाताची लांबी, उभी उडी, लांब उडी असे सारे काही मोजले जाते. पण ज्या आकड्याची चर्चा देशभर होते तो ४० यार्ड सरळ धावण्याचा. २००९मध्ये मेरीलँडच्या डॅरियस हेवर्ड-बेने हे अंतर ४.३० सेकंदांत कापले आणि ओकलंड रेडर्सनी त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. त्या आधीच्या कॉलेज हंगामात त्याने फक्त ४२ झेल घेतले होते. टेक्सास टेकचा मायकेल क्रॅबट्री, ज्याने कॉलेजमधल्या सर्वोत्तम रिसीव्हरला मिळणारा बिलेटनिकॉफ पुरस्कार सलग दोनदा जिंकला होता, तो पायाच्या दुखापतीमुळे धावू शकला नाही आणि दहाव्या क्रमांकावर गेला. पहिल्या हंगामात हेवर्ड-बेच्या नावावर नऊ झेल लागले. २०१७मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन रॉसने ४.२२ सेकंदांचा त्या वेळचा विक्रम केला, सिनसिनाटी बेंगल्सनी त्याला नवव्या क्रमांकावर घेतले, आणि त्याचा पहिला हंगाम एकही झेल न घेता गेला. रॉसला दुखापतींनी सतत पिडले हे सांगितले पाहिजे. पण गुडघ्यांचा तो इतिहास कॉलेजातलाच होता आणि निवड करणाऱ्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या बाजूची उदाहरणेही तितकीच ठळक आहेत. अँक्वान बोल्डिनने २००३मध्ये ४० यार्डांना ४.७ सेकंदांहून अधिक वेळ घेतला आणि तो दुसऱ्या फेरीत ५४व्या क्रमांकापर्यंत घसरला. त्याच वर्षी त्याने १०१ झेल घेतले आणि एकूण १४ हंगाम खेळला. ईस्टर्न वॉशिंग्टनच्या कूपर कपची वेळ होती ४.६२. रॉसच्याच वर्षी तो ६९व्या क्रमांकावर गेला, आणि २०२१मध्ये १४५ झेल, १,९४७ यार्ड व १६ टचडाउन घेऊन या तिन्ही गोष्टींत लीगमध्ये पहिला आला. हा केवळ मानाचा प्रश्न नाही. २०११च्या करारापासून नवागतांचे वेतन निवडीच्या क्रमांकाला बांधलेले आहे. पहिल्या दहांतल्या खेळाडूच्या आणि तिसऱ्या फेरीतल्या खेळाडूच्या पहिल्या करारात आज एक कोटी डॉलरहून अधिक अंतर पडते. सेकंदाच्या काही शतांशांवर एखाद्या कुटुंबाचे अर्थकारण ठरत असेल, तर त्या शतांशांना एवढे वजन का, हे विचारण्याचा हक्क त्या मुलांना आहे.

शितावरून भाताची परीक्षा करतात, पण शीत त्याच भांड्यातले असावे लागते. कंबाइनमध्ये खेळाडू अंगावर पॅड नसताना, समोर कोणी नसताना, आधीपासून ठरलेल्या रेषेत धावतो. सामन्यात रिसीव्हर ४० यार्ड सरळ क्वचितच धावतो. बहुतेक वेळा तो दहा-बारा यार्ड जातो, थांबतो, वळतो, आणि हे सारे करताना एक तितकाच चपळ माणूस त्याच्या खांद्याला हात लावून उभा असतो. वेगाला किंमत नाही असे मला म्हणायचे नाही. वेगवान रिसीव्हरसमोर बचावपटू भीतीने मागे सरतो आणि त्या भीतीने पुढची जागा मोकळी होते. टायरीक हिलचे सगळे खेळणे याच भीतीवर उभे आहे, आणि तो तर २०१६मध्ये पाचव्या फेरीत गेला होता, कारण त्याच्या नावावर घरगुती हिंसाचाराचा गुन्हा होता. वेग पुरेसा असला पाहिजे, एवढेच घड्याळ सांगू शकते. त्या मर्यादेच्या पलीकडे शतांशांची स्पर्धा निरर्थक होत जाते.

घड्याळ उलट दिशेनेही फसवते. २०१९मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या डीके मेटकाफने १०३ किलो वजनाच्या देहाने ४.३३ सेकंदांची धाव घेतली. पण तीन शंकूंभोवती वळण्याच्या चाचणीत त्याला ७.३८ सेकंद लागले, आणि हा मुलगा वळूच शकत नाही असा बोभाटा झाला. मानेच्या दुखापतीची शंकाही होतीच. तो दुसऱ्या फेरीच्या अगदी शेवटी, ६४व्या क्रमांकावर सिअ‍ॅटलकडे गेला आणि पुढे लीगमधल्या प्रमुख रिसीव्हरांत गणला गेला. त्याच्या सामन्यांची चित्रफीत पाहणाऱ्याला दिसत होते की मेटकाफला शंकूंभोवती फिरण्याची गरजच पडत नव्हती. पहिल्या दोन पावलांत तो बचावपटूचा तोल घालवत असे.

त्याच ड्राफ्टमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी पहिल्या फेरीच्या शेवटच्या क्रमांकावर ॲरिझोना स्टेटच्या निकील हॅरीला घेतले होते. हॅरीची ख्याती गर्दीतून, दोन बचावपटूंच्या हातांमधून चेंडू ओढून घेण्याची. असे झेल डोळ्यांना सुखावतात आणि ड्राफ्टच्या आधी दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवले जातात. पण झेलाच्या क्षणी बचावपटू इतका जवळ का आहे, हा प्रश्न विचारला तर त्याच दृश्याचा अर्थ बदलतो. रिसीव्हर सुटू शकलेला नाही, म्हणून झटापट होते आहे. कॉलेजात ताकदीच्या जोरावर ती झटापट जिंकता येते, कारण समोरच्यांपैकी फार थोडे पुढे व्यावसायिक होणार असतात. एनएफएलमध्ये समोरचा प्रत्येक जण त्या थोड्यांतला असतो. पेट्रियट्सनी तीन हंगामांनंतर हॅरीला शिकागोकडे सोपवले. त्याच्या मागून, ३६व्या क्रमांकावर डीबो सॅम्युअल, ५१व्या क्रमांकावर एजे ब्राउन आणि ७६व्या क्रमांकावर टेरी मॅक्लॉरिन गेले होते.

मग पाहायचे काय? डाव सुरू होतो त्या रेषेपासूनची पहिली पाच यार्ड. एनएफएलच्या नियमानुसार बचावपटूला रिसीव्हरला धक्का देण्याची, त्याला रोखून धरण्याची मुभा या पाच यार्डांतच असते. त्यापुढे तो संपर्क बेकायदा ठरतो. कॉलेजच्या नियमांत चेंडू हवेत जाईपर्यंत संपर्काला बरीच सवलत असते, म्हणजे कागदावर व्यावसायिक खेळ रिसीव्हरला अधिक सोयीचा आहे. तरीही नवखे रिसीव्हर अडकतात ते नेमके या पाच यार्डांत, कारण तिथे आता असा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, उभा असतो ज्याचे हात लांब आहेत, पाय हलके आहेत आणि ज्याने रिसीव्हरच्या मागच्या सगळ्या सामन्यांचा अभ्यास केलेला आहे. कॉलेजातल्या अनेक संघांविरुद्ध रिसीव्हरला सहा-सात यार्ड मोकळे सोडून दिले जाते; तो हवा तसा सुटतो, हवा तसा वेग घेतो. त्या मोकळ्या सुटण्यातून मिळालेले शंभर झेलही या एका प्रश्नाबद्दल काही सांगत नाहीत. म्हणून वर्षभराच्या सगळ्या झेलांची बेरीज करण्यापेक्षा, ज्या ज्या वेळी कॉर्नरबॅक नाकासमोर येऊन उभा राहिला त्या वेळा वेगळ्या काढाव्यात, चेंडू त्याच्याकडे फेकला गेला असो वा नसो. चेंडू न आलेल्या धावाच बहुतेकदा जास्त बोलक्या असतात. रिसीव्हर हातांनी प्रतिस्पर्ध्याचे हात झटकतो का, खांदे आणि नजर वळणाची चुगली करतात का, वळण घेण्याआधी वेग तुटतो का, हे तिथे दिसते.

मैदानाची रचनाही फसवी असते. दोन्ही खेळांत मैदान १६० फूट रुंद असते. पण चेंडू जिथून खेळायचा त्या आतल्या खुणांमधले अंतर कॉलेजात ४० फूट आणि एनएफएलमध्ये साडेअठरा फूट आहे. चेंडू कडेच्या खुणेवर असला की कॉलेजच्या रिसीव्हरला रुंद बाजूला १०० फूट मोकळी जागा मिळते. व्यावसायिक मैदानावर तीच जागा जेमतेम ८९ फूट उरते. कडेला झेल घेताना कॉलेजात एक पाय आत टेकला तरी चालतो, इथे दोन्ही टेकावे लागतात. शिवाय कॉलेजात पुढच्या फळीतले खेळाडू पास फेकण्याआधी तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे धाव की पास हे शेवटच्या क्षणी ठरवण्याचे डाव कॉलेजात फार सोपे होतात आणि संभ्रमात पडलेल्या बचावाने सोडलेल्या जागेत रिसीव्हरला आयते यार्ड मिळतात. बेलर विद्यापीठ आपले रिसीव्हर मैदानाच्या दोन्ही टोकांना इतके पसरवून उभे करीत असे की त्यांना मोजकेच मार्ग, म्हणजे डावात आधी ठरलेल्या धावण्याच्या वाटा, धावावे लागत. तिथला कोरी कोलमन २०१५चा बिलेटनिकॉफ पुरस्कार घेऊन आला, पुढच्या वर्षी क्लीव्हलंड ब्राउन्सनी त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतले, आणि दोन हंगामांत त्यांनी त्याला सोडले. त्याच ड्राफ्टमध्ये ओहायो स्टेटचा मायकेल थॉमस ४७व्या क्रमांकावर गेला. २०१९मध्ये त्याने १४९ झेलांचा लीगचा विक्रम केला. थॉमस फार वेगवान नव्हता. छोट्या अंतरात वळण्याची त्याची शिस्त मात्र कॉलेजातच पक्की झालेली होती.

आकड्यांचा मी विरोधक नाही. संघाच्या एकूण पासिंग यार्डांत रिसीव्हरचा वाटा किती, तो किती लहान वयात चमकू लागला, आणि धावलेल्या प्रत्येक मार्गामागे त्याने सरासरी किती यार्ड मिळवले, हे गेल्या काही वर्षांत रुळलेले हिशेब घड्याळापेक्षा कितीतरी अधिक प्रामाणिक आहेत, कारण ते प्रत्यक्ष सामन्यांतून येतात. पण त्यांनाही परिस्थितीचे भान हवे. ओहायो स्टेटमध्ये मॅक्लॉरिनने कोणत्याही हंगामात ७०१ यार्डांपेक्षा जास्त मिळवले नाहीत, कारण तिथे चेंडूला वाटेकरी फार होते. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक बदलत राहिले तरी त्याने २०२०पासून सलग पाच हंगाम हजारी ओलांडली. कपचे उलट. त्याने कॉलेजात ४२८ झेल आणि ६,४६४ यार्ड जमवले, पण दुय्यम दर्जाच्या विभागात, आणि ड्राफ्टच्या वेळी तो जवळजवळ २४ वर्षांचा होता. वयाच्या हिशेबाने तो बाद ठरतो, विभागाच्या हिशेबाने त्याचे आकडे फुगवलेले ठरतात. या दोन्ही शंकांना उत्तर देणारा सामना २०१५मध्ये झाला होता. ओरेगन विद्यापीठाच्या पहिल्या दर्जाच्या संघाविरुद्ध कपने १५ झेल, २४६ यार्ड आणि तीन टचडाउन घेतले होते. लहान विद्यापीठातल्या खेळाडूच्या सबंध कारकिर्दीपेक्षा मोठ्या संघांविरुद्धचे असे दोन-तीन सामने अधिक काळजीने पाहावेत असे माझे मत आहे.

इतके सारे नीट पाहिले तरी चूक होणारच, आणि ती नेहमी पारख करणाऱ्याचीच असते असे नाही. २०१५मध्ये सातव्या क्रमांकावर गेलेल्या केव्हिन व्हाइटचा पहिला हंगाम नडगीच्या दुखापतीत संपूर्ण गेला आणि नंतर त्याचे शरीर कधी सावरलेच नाही. ते कोणत्याही चित्रफितीत दिसले नसते. ग्रीन बे पॅकर्सच्या दावांते ॲडम्सला तर ॲरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक लाभूनही पहिल्या दोन हंगामांत ५०० यार्ड गाठता आले नाहीत. दुसऱ्या हंगामात त्याला घोट्याची दुखापत होती, हातून चेंडूही सुटत होते, आणि ग्रीन बेमध्ये त्याच्याविरुद्ध बरीच कुरकुर होती. क्लबने त्याला ठेवले, आणि तिसऱ्या हंगामापासून तो आपल्या पिढीतल्या सर्वांत कुशल रिसीव्हरांपैकी एक झाला. सुटका करून घेण्याची त्याची पद्धत आज तरुण रिसीव्हरांना शिकवली जाते. दोन वर्षांत निकाल लावून मुलाच्या कपाळावर अपयशाचा शिक्का मारणारे क्लब स्वतःच्या प्रशिक्षणाचा, आपल्या क्वार्टरबॅकचा आणि दर वर्षी बदलणाऱ्या डावपेचांचा हिशेब कोठेच मांडत नाहीत, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

ही अनिश्चितता मान्य केली की किमतीचा प्रश्न आपोआप पुढे येतो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी ड्राफ्टच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले की एखादा खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्यानंतर लगेच निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के असते. म्हणजे जवळजवळ नाणेफेकच. तरीही २०१४मध्ये बफेलो बिल्सनी क्लेमसनच्या सॅमी वॉटकिन्ससाठी नवव्या क्रमांकावरून चौथ्यावर जाण्याकरता पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीतली आणि चौथ्या फेरीतली निवड देऊन टाकली. वॉटकिन्स वाईट खेळाडू नव्हता. त्याने २०१५मध्ये १,०४७ यार्ड मिळवले, पण हजारी त्याला पुन्हा गाठता आली नाही. त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर माइक इव्हान्स गेला, ज्याने पहिल्या सलग ११ हंगामांत हजार यार्ड ओलांडून जेरी राइसच्या विक्रमाशी बरोबरी केली. बाराव्या क्रमांकावर ओडेल बेकहॅम गेला, ज्याने पहिल्या वर्षी फक्त १२ सामन्यांत १,३०५ यार्ड मिळवले. दुसऱ्या फेरीत ॲडम्स, ॲलन रॉबिन्सन आणि जार्विस लँड्री होते. बफेलो नवव्या क्रमांकावर स्वस्थ बसले असते, तर बेकहॅम त्यांच्यासमोर होता आणि पुढच्या वर्षीची पहिली निवडही हातात राहिली असती. ॲटलांटाने २०११मध्ये हुलिओ जोन्स या रिसीव्हरसाठी पाच निवडी मोजल्या आणि तो सौदा फळला, हे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. एक सौदा फळला म्हणून पद्धत शहाणपणाची ठरत नाही. एकाच मुलावर इतकी खात्री बाळगावी एवढे ज्ञान कोणाकडेच नसते.

ग्रीन बे पॅकर्सनी याच्या उलट रीत दीर्घकाळ पाळली. २००२नंतर त्यांनी पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतलाच नाही. ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब आणि ॲडम्स हे चौघेही दुसऱ्या फेरीतले. तिथे वारंवार निवड करायची, मार्ग नेमकेपणाने धावणाऱ्याला पसंती द्यायची आणि त्याला घडायला वेळ द्यायचा, अशी ही पद्धत होती. ती २०२५मध्ये, ड्राफ्ट ग्रीन बेमध्येच भरलेला असताना मोडली. क्लबने तेविसाव्या क्रमांकावर टेक्सास विद्यापीठाच्या मॅथ्यू गोल्डनला घेतले. कंबाइनमध्ये त्याने ४.२९ सेकंदांची धाव घेतली होती, आणि निवडीनंतर जिकडेतिकडे याच आकड्याची चर्चा झाली. मला त्याच्याबद्दल आशा वाटते ती वेगळ्या कारणाने. ह्यूस्टनहून टेक्सासला आल्यावर पहिल्याच वर्षी, नवे डाव आणि नवा क्वार्टरबॅक असताना, त्याने साउथईस्टर्न कॉन्फरन्स या कॉलेज गटाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियासारख्या कडव्या बचावाविरुद्ध आठ झेल आणि १६२ यार्ड घेतले, आणि पुढे पीच बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात ॲरिझोना स्टेटविरुद्ध १४९ यार्ड. जॉर्जियाचे कॉर्नरबॅक मागे सरत नाहीत. गोल्डनला पारखायचे असेल तर त्या सामन्यातला त्याचा प्रत्येक मार्ग, चेंडू आलेला आणि न आलेलाही, पुन्हा पाहावा, आणि निकाल देण्याआधी ॲडम्सला दिली होती तेवढी वर्षे त्यालाही द्यावीत.